महाबली वेताळ, मुक्काम पोस्ट वडनेर भोलजी

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९९० मध्ये. मधल्या २६ वर्षांत ८०० हून अधिक अंक छापले गेले. त्यानंतर 'तसली कॉमिक्स आता राहिली नाहीत' हे वाक्य किती वेळा उच्चारले गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो, पुण्यात किंवा नाशकात त्याचा फ्लॅट असतो आणि डॉक्टरांनी त्याचा भात बंद केलेला असतो. बालपण मात्र त्याने एखाद्या वडनेर भोलजीत काढलेले असते. फ्लॅटमध्ये राहून त्याला गावाची आठवण येते असे घरचे समजतात. प्रत्यक्षात त्याला आठवत असतो तो डेंकालीच्या जंगलातला बुरखेवाला गृहस्थ, महाबली वेताळ, आणि तो गावाच्या कुठल्याच मतदारयादीत नव्हता.

वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातले, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसलेले गाव. हा महामार्ग पूर्वी ६ क्रमांकाचा होता, आता ५३ क्रमांकाचा झाला. लोक त्याला 'हायवे' म्हणतात, त्यामुळे नंबर बदलल्याने कुणाचे काही अडले नाही. मुंबईहून हावड्याला जाणारा लोहमार्गही याच पट्ट्यातून जातो. मलकापूर आणि नांदुरा ही त्यावरची स्थानके. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला मात्र आजतागायत रेल्वे नाही. त्यामुळे रेल्वेने येणारा वेताळाचा नवा अंक कलेक्टरसाहेबांच्या मुलाआधी मलकापूरच्या एखाद्या हमालाच्या मुलाच्या नजरेस पडण्याची शक्यता अधिक होती. लोकशाहीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद व्हायला हरकत नाही.

टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने काढलेले हे अंक इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, बंगाली अशा अनेक भाषांत निघत. आधी महिन्याला, मग पंधरवड्याला, शेवटी आठवड्याला. नवा कोरा अंक पैसे मोजून घेणारा माणूस खेड्यात दुर्मिळच. अंक येई तो फिरत फिरत. तालुक्याच्या गावी एखादा टपरीवाला सुतळीवर जुने अंक टांगून ठेवी आणि बाकावर बसून वाचण्याचे काही पैसे घेई. घरी न्यायचा तर अनामत. कटिंगच्या दुकानात डोके पुढे देण्याआधी हाताला लागेल ते वाचायला मिळे, आणि नंबर लवकर लागला की मुलगा मागच्या गिऱ्हाइकाला मोठ्या मनाने म्हणे, 'तुम्ही बसा काका.' सर्वांत खात्रीचा पुरवठा होता तो मे महिन्यात भुसावळ-अकोल्याहून मामाच्या गावी येणाऱ्या भाच्याचा. भाचा आला की मामाच्या पोरांना प्रेमाचे भरते येई. ते त्याच्या पिशवीसाठी असते हे आजी सोडून सगळ्यांना ठाऊक असे.

देवघेवीचे भाव ठरलेले असत. वेताळाला वेताळ, हा रोकडा व्यवहार. मँड्रेक जादूगार त्याच्या खालोखाल. फ्लॅश गॉर्डन अंतराळात हिंडे, म्हणून तो विज्ञानात बरे मार्क पडणाऱ्यांकडे जाई. रिप कर्बी कुणालाच नको असे. तो चष्मा लावी, पाइप ओढी आणि मारामारीआधी विचार करी. रिप कर्बीचे तीन दिले तरी एक वेताळ मिळेलच याची खात्री नसे.

वाचनाच्या जागेचा प्रश्न मात्र गंभीर होता. शाळेच्या नकाशासंग्रहाचा आकार इंद्रजालच्या अंकापेक्षा मोठा असल्याने तो आडोशाला सोयीचा पडे. भूगोल या विषयाची ही उपयुक्तता पाठ्यपुस्तक मंडळाच्या लक्षात आलेली दिसत नाही. वडील ओट्यावरून विचारत, 'काय वाचून राह्यला बे?' उत्तर येई, 'भूगोल.' 'मंग भूगोलात घोडा कायचा?' यावर अरबस्तानाचे नाव सांगून वेळ मारून नेणारे पुढे विमा व्यवसायात चमकले.

दुसरी जागा कापसाची खोली. या भागात वेचलेला कापूस विक्रीपर्यंत घरातच साठवतात. खोलीत छातीएवढा ढीग लागतो. त्यात पाठ टेकून पडले की माणूस कमरेपर्यंत आत जातो, अंगावर उबारा येतो आणि बाहेरून हाक मारणाऱ्याला नुसते केस दिसतात. केसांनाही कापूस लागला की तेही दिसत नाहीत. अंक लपवायला याहून चांगली जागा नाही. धोका एकच: कापूस विकायची वेळ मुलाला विचारून ठरत नसे. राज्यात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे गाडी भरून केंद्रावर न्यायची, रांगेत थांबायचे आणि ग्रेडरने कापसात हात घालून प्रत ठरवायची. त्या हाताला सरकी, पत्ती आणि कवडी यांच्या जोडीने कधी महाबली वेताळ लागला असेल, तर त्याने त्यापायी कितीची प्रत कमी केली हे पणन महासंघाच्या दप्तरातच मिळायचे. एक मात्र खरे, की अंक ढिगातून गायब झाला की मुलगा जिनिंगच्या धुराड्याकडे बघे, आणि बापाला वाटे पोराला शेतीमालाच्या भावाची काळजी लागली.

आता खुद्द नायकाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये मँड्रेक आणि १९३६ मध्ये फँटम ही पात्रे वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांसाठी निर्माण केली. फँटम मराठीत वेताळ झाला. १५३६ साली समुद्री चाच्यांनी बापाला मारले, मुलगा किनाऱ्याला लागला आणि त्याने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. लोकांना वाटते हा मरतच नाही. कथांतला वेताळ एकविसावा.

शहरी वाचकाला यात गूढ वाटले. वऱ्हाडातल्या वाचकाला यात वतन दिसले. पाटीलकीसारखी ही वेताळकी बापाकडून मुलाकडे येते. पगार नाही, राजीनामा नाही, दुसरा काही धंदा करायची मुभा नाही. आश्चर्य वाटे ते एवढ्याचेच, की २१ पिढ्यांत एकदाही भाऊबंदकी झाली नाही. थोरल्याने गुहा ठेवली आणि धाकट्याने पांढऱ्या घोड्यावर दावा लावला, असे एका अंकात नाही. शिवाय बाप गेल्याच्या रात्रीच मुलगा कामावर रुजू. इथे वारसाची नोंद सातबाऱ्यावर चढायची तर तलाठ्याच्या सज्जावर किती खेटे घालावे लागतात हे ज्या घरांनी पाहिले होते, त्या घरांतल्या पोरांना वेताळाच्या अंगातल्या ताकदीपेक्षा त्याचा बिनतक्रार फेरफार जास्त अद्भुत वाटत असल्यास नवल नाही.

पोशाखाबाबतही असाच गैरसमज शहरांत आहे. तंग कपड्यांवरून चड्डी घालण्याच्या रीतीची बरीच थट्टा होते. वेताळाची चड्डी पट्ट्यापट्ट्यांची होती, आणि पट्ट्यापट्ट्यांची नाड्याची चड्डी गावोगावच्या आठवडी बाजारात ढिगाने मिळत होती. ती वरून घालायची की आतून, एवढाच काय तो मतभेद. उलट खेड्यातल्या वाचकाला हा नायक आपल्यातलाच वाटायला ती चड्डी कारणीभूत झाली असावी. तो खानावळीत जाऊन दूध मागतो, हेही पसंत पडण्यासारखे होते; घरात त्याचे उदाहरण देता येई.

न पटण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. शहरात जाताना वेताळ लांब ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो आणि मग त्याला कुणी ओळखत नाही. सुपरमॅनचे तर त्याहून स्वस्तात भागते. नुसता चष्मा लावला की महानगरातले पत्रकारसुद्धा फसतात. वडनेर भोलजीच्या स्टॉपवर मे महिन्याच्या दुपारी ओव्हरकोट घातलेला माणूस एस.टी.तून उतरला, तर दोन मिनिटांच्या आत 'कोणाकडे आले?' हा प्रश्न येईल, पाचव्या मिनिटाला पाणी येईल आणि दहाव्या मिनिटाला त्याचे आजोळ कोणते हे निघेल. रोजच्या माणसाने चष्मा लावला तर 'काऊन, डोये आले का?' एवढीच चौकशी होईल. गुप्त ओळख ही शहराची चैन आहे. अतिमानवी नायकांचे कारखाने न्यूयॉर्कात निघाले आणि नांदुरा तालुक्यात निघाले नाहीत, याचे हे एक कारण म्हणता येते.

लग्नाच्या बाबतीत मात्र या नायकांनी कुठल्याही गावाला मागे टाकले. वेताळ आणि डायना पामर यांची ओळख १९३६ ची. लग्न १९७७ मध्ये लागले. मधल्या ४१ वर्षांत मुलगी संयुक्त राष्ट्रांत नोकरीला लागली आणि मुलाकडचे जंगलात असल्याने बैठक जमत नव्हती. त्या लग्नाला मँड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. त्याचे स्वतःचे आणि राजकन्या नार्डाचे १९३४ पासून चाललेले प्रकरण मार्गी लागायला १९९७ साल उजाडले, म्हणजे ६३ वर्षे. वाचक या काळात आजोबा झाले. सोयरिकीत दोन हंगाम लांबण लागली तर गाव नावे ठेवते. नार्डाच्या आईबापांनी काय सोसले असेल याची कल्पना करवत नाही.

स्मरणरंजन करणारा वाचक काही गोष्टी सोयीने विसरतो, त्याही सांगितल्या पाहिजेत. गोरा माणूस काळ्यांच्या जंगलात जन्मतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा न्यायनिवाडा करतो, ही कल्पना साहेबाच्या राज्यातली होती. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीला कातडे पांघरणारा, तुटकी भाषा बोलणारा चाकर होता. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्सच्या हाती चित्रे आली तेव्हा कुठे त्याला नीट कपडे आणि मित्राचा दर्जा मिळाला. भारतात अंक काढताना तर वेगळीच पंचाईत होती. मूळ कथेतली जागा बंगालच्या नावाशी जवळीक सांगे आणि चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग होते. इथे ते खपण्यासारखे नव्हते. म्हणून देश डेंकाली झाला आणि चाचे सिंगा झाले. बदललेल्या नावांवरच तीन पिढ्यांनी जीव लावला. आज कुणी मूळ नाव सांगितले तर ती नक्कल आहे असे ठामपणे सांगणारे लोक भेटतात.

देशी नायकाची उणीव आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये भरून काढली. त्यांचा बहादूर कुडता आणि जीन्स घाले, डाकूचा मुलगा असूनही डाकूंशी लढे आणि नागरिकांचे संरक्षण दल चालवी. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर देखणा होता, शूर होता, कुडत्यामुळे घरच्यांचीही त्याला हरकत नव्हती. तरी देवघेवीत तो वेताळाच्या भावाला कधी पोहोचला नाही. कुडता घालणारे लोक गावात आधीच पुष्कळ होते. सुरती यांनी पुढे उतारवयात मुंबईजवळच्या मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम सुरू केले. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यांच्या दृष्टीने त्यांचा खरा अतिमानवी नायक हा नळदुरुस्तीवालाच.

१९८० च्या दशकात बाजार दिल्लीकडे झुकला. प्राण यांचे चाचा चौधरी आणि गुरू ग्रहावरून आलेला साबू तोवर घरचे झाले होते. साबूच्या पोळ्यांची रास लाटणारी बिनीचाची, हीच त्या मालिकेतली एकमेव अचाट शक्ती होती हे मात्र कुणी मान्य केले नाही. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला, पाठोपाठ ध्रुव. भाषा हिंदी, पण वऱ्हाडातल्या पोराला हिंदीचे वावडे नाही, आणि 'नागराज'च्या सुरुवातीच्या काळातली कितीतरी चित्रे प्रताप मुळीक या मराठी चित्रकाराने काढलेली होती. अमर चित्र कथेतले राजे-महाराजे रंगवणारा हाच हात. अमिताभ बच्चनला 'सुप्रीमो' नावाचा अतिमानव करून जी कॉमिक्स निघाली, तीही मुळीकांच्याच हातची. दिल्लीचा नाग, मुंबईचा नट आणि पुराणातला राजा यांच्या दंडाचे स्नायू सारखेच का दिसतात, याचे उत्तर एवढे सोपे आहे.

दूरदर्शनवरच्या 'शक्तिमान'ने (१९९७) पुढची पिढी उचलली. त्यात विशेष सांगण्यासारखे एवढेच, की त्यातल्या खलनायकाला, तमराज किल्विषला, जे जमले नाही ते रविवारी ऐन बारा वाजता जाणाऱ्या विजेने अनेकदा करून दाखवले. अंधाराचा राजा खरा कोण, याविषयी मुलांची मते तेव्हापासून वीज मंडळाच्या बाजूने झुकली.

या जिल्ह्याला अशा नायकांची एवढी ओढ का लागावी, हा प्रश्न पडतो. कारण कच्चा माल इथे भरपूर होता. कॉमिक्सच्या नियमानुसार आकाशातून काही पडले की त्यात एखादे तान्हे मूल असते आणि ते पुढे उडायला लागते. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला आकाशातून जे पडले त्याने बेसाल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला. मूल निघाले नाही. खारे पाणी निघाले आणि त्यामागोमाग भूगर्भशास्त्रज्ञ. खलनायकाची सोय पुराणाने आधीच लावून ठेवली होती: लवणासुर, आणि त्याला मारणारा दैत्यसूदन. जून २०२० मध्ये तळ्याचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा कुठल्याही चित्रकाराने पहिले पान तिथूनच सुरू केले असते. तपासाअंती तो खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा प्रताप ठरला आणि कथा तिथेच आटोपली.

उडणारा नायकही उसना आणायची गरज नव्हती. नांदुऱ्याला महामार्गालगत हनुमानाची १०५ फुटी मूर्ती उभी आहे. डोंगर उचलणे, समुद्र ओलांडणे, शत्रूच्या राजधानीला आग लावणे ही कामे त्याने कॉमिक्स निघण्याच्या किती आधी केली हे सांगायला नको. त्याच्या लंगोटाला कुणी हसतही नाही. त्याची अडचण एकच, की त्याच्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. वेताळाच्या गोष्टीचा शेवट बऱ्याचदा कुणालाच ठाऊक नसे, कारण हातोहात फिरलेल्या अंकाचे शेवटचे पान सर्वांत आधी गळे. पिन गंजलेली, पान अर्धे फाटलेले, खलनायक पिस्तूल रोखून उभा, आणि पुढे टपरीवाल्याची जाहिरात चिकटवलेली. त्यात मूळ चित्रमालिका अंकाच्या पानांत बसवताना संपादक काही चौकटी वगळत. गोष्ट तिथेच तुटे आणि वाचकाला वाटे पान आपल्याच हातून गेले. मग उरलेली गोष्ट पारावर तोंडी पुरी होई. एका पारावर वेताळ विहिरीत उडी मारी, दुसऱ्यावर त्याचा लांडगा मागून येई. दोन्ही पारांवर गालावर निशाण उमटवणारा वेताळाच्या कवटीच्या अंगठीचा ठोसा मात्र ठरलेला. त्याचा सराव पोरे बोटांवर शाईने कवटी काढून एकमेकांच्या गालांवर करत, आणि संध्याकाळी चुलीपुढे धुलाई झाली तरी निशाण जात नसे.

आज फ्लॅटमधल्या त्या वाचकाजवळ सगळे अंक आहेत. व्हॉट्सअॅपवर स्कॅन केलेले संच रात्रीतून येतात. छापील जुना अंक हवाच असेल तर तो त्याच्या मूळ किमतीच्या कित्येक पट दराने मिळतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला जातो आणि नातवाने हात लावला तर घरात ओरडा होतो. या पिढीने अंकावर शेंगदाणे खाल्ले होते, हे नातवाला कुणी सांगत नाही. एखाद्या रात्री मात्र औषध घेऊन झाल्यावर तो पडद्यावर पंचेचाळीस वर्षांपूर्वी गळालेले ते शेवटचे पान उघडतो. विहीर नाही, लांडगा नाही. जंगल गस्ती दलाचे लोक येतात आणि खलनायकाला घेऊन जातात. चार चौकटींत काम तमाम. पाराने केलेला शेवट याहून सरस होता, असे तो फोन करून भावाला सांगतो. भाऊ दुसऱ्या पाराचा असल्याने त्याला विहीर मान्य नसते आणि संभाषण तिथून शेताच्या बांधाकडे वळते.

परदेशात वेताळाच्या आठवणी काढत बसण्याची वेळ आली नाही. स्वीडनमध्ये १९५० पासून आणि ऑस्ट्रेलियात १९४८ पासून वेताळाचे अंक खंड न पडता निघत आले आहेत; तिथे अंक दुकानात मिळतो, त्यामुळे त्याची आठवण काढायची कारणे कमी. इथे १९९० साली अंक थांबले आणि आठवणींचा खप सुरू झाला. अर्थात हा धंदा काही इंद्रजालपासून सुरू झालेला नाही. आधीची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या 'काळा पहाड' आणि 'झुंजार'वर वाढली होती. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या पिढीला पोरांच्या हातातला चित्रांचा वेताळ पाहून वाईट वाटे, कारण त्यात वाचायला काही नव्हते. त्यांच्याही आधीच्यांनी नाथमाधवांचा 'वीरधवल' वाचला होता आणि त्यांच्या मते काळ्या पहाडाने मराठीचा सत्यानाश केला. 'शक्तिमान' पाहिलेली मुले आता चाळिशीकडे झुकली असून 'तेव्हाचे इफेक्ट साधे होते, पण जीव होता' असे म्हणू लागली आहेत. २००८ चा 'आयर्न मॅन' पाहिलेली मुले नोकरीला लागली आहेत; त्यांच्या तक्रारी अजून दबक्या आवाजात चालल्या आहेत, पण १८१ मिनिटांच्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'नंतर एकही सिनेमा धड आला नाही, यावर त्यांचे एकमत होत आले आहे.